नोकरी सोडून स्वतःचं डिझाइनचं काम सुरू करताना

अभिनंदन! वेळ तुमची, काम निवडायची मोकळीकही तुमची. पण एक तारखेचा पगार थांबतो आणि पीएफमधला कंपनीचा वाटा, भरपगारी रजाही त्याच्याबरोबर जातात. म्हणून आधी एवढंच बघा:

१. आरोग्य विमा राजीनाम्याआधी स्वतःच्या नावाने घ्या. ऑफिसचा गट विमा नोकरीबरोबर संपतो आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजारांना सहसा प्रतीक्षा काळ असतो. गृहकर्ज काढायचं असेल तर तेही आत्ताच. नंतर बँका साधारण दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागतात.

२. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा.

३. पैसे अडकणं हे खरं दुखणं. काम लेखी ठरवा, दुरुस्तीच्या फेऱ्या किती तेही लिहा, थोडी रक्कम आगाऊ घ्याच. 'उद्यम' ही लहान व्यवसायांची सरकारी नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. ती असली की २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार काम करून घेणाऱ्या कंपनीला जास्तीत जास्त ४५ दिवसांत बिल चुकवावं लागतं. (बिलावर उद्यम क्रमांक छापा.)

नवखे हमखास चुकतात ते दरात. जुना पगार भागिले तास, असा हिशेब करतात. मग ग्राहक शोधण्याचे, पाठपुराव्याचे तास कोण देणार? आणि एकाच ग्राहकावर विसंबू नका. ती नोकरीच झाली, फक्त बिनरजेची.

जीएसटीची चिंता आत्ता नको, सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या जवळ आली की बघू. पहिले एक-दोन ग्राहक नोकरीत असतानाच मिळाले तर उत्तम, फक्त करारात मनाई नाही ना, ते वाचून घ्या.