तीन फ्लास्क, तिन्हींत बुरशी

प्रश्न : ताई, मी लातूरची. बीएस्सीला प्राणिशास्त्र होतं, आता पुण्यात एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी ‘हिला’ (HeLa) नावाच्या, माणसाच्या कर्करोगाच्या पेशी फ्लास्कमध्ये वाढवतेय, पण दोन महिन्यांत तीनदा फ्लास्कला बुरशी लागली. लॅबमध्ये सगळे म्हणतात, तुझा हात स्वच्छ नाही. हे सोडून प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा देऊन सरळ शिकवायला लागू का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : शिकवायची ओढ असेल तर जरूर शिकव, बुरशीला घाबरून नको. १९५१पासून जगभर वाढत आलेल्या या दणकट पेशी आहेत, चुटकीसरशी मरणाऱ्या नाहीत.

मीडियममध्ये, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात, पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन ही प्रतिजैविकं घातली म्हणून निर्धास्त राहू नकोस; ती बॅक्टेरियावर चालतात, बुरशीवर नाही. आणि बुरशीचं आवडतं घर म्हणजे इन्क्युबेटरमधला पाण्याचा ट्रे. ३७ अंश, दमट हवा, तिला आणखी काय हवं? तो शेवटचा कधी घासला, ते विचार. वॉटरबाथचं पाणीही बघ.

मग पेशी न घालता नुसत्या मीडियमचे दोन फ्लास्क भरा, एक तू, एक लॅबमधल्या सगळ्यात सरावलेल्या माणसाने. बाटली तीच, शेल्फ तोच. आठवडाभराने दोघांच्याही फ्लास्कला बुरशी आली, तर दोष तुझ्या एकटीच्या हाताचा नाही, हे सगळ्यांना दाखव. फक्त तुझ्याच आली, तर हात बघू.

माझेही एमएस्सीला फ्लास्कमागून फ्लास्क जात होते. एक सीनिअर ताई स्टूल घेऊन अर्धा तास माझ्या मागे बसली, एक शब्द बोलली नाही. शेवटी म्हणाली, "पिपेट घेताना दर वेळी तुझा उजवा हात उघड्या बाटलीवरून जातो." पिपेटचा डबा डावीकडे होता. तो उजवीकडे ठेवला आणि फ्लास्क टिकू लागले. तुझ्याही मागे कुणाला तरी बसव. स्वतःचा हात स्वतःला दिसत नाही गं.

बुरशी लागलेला फ्लास्क वाचवायच्या फंदात पडू नकोस. न उघडता नष्ट करायला दे आणि द्रव नायट्रोजनमधली गोठवलेल्या पेशींची नवी कुपी काढ. साठा संपला असेल तर पुण्यातच एनसीसीएस, म्हणजे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तिथल्या सेल रिपॉझिटरीतून, म्हणजे पेशींच्या साठ्यातून, देशभरातल्या प्रयोगशाळांना पेशी जातात. गाइडमार्फत मागव.

नव्या पेशी रोज सकाळी बघ, काम असो नसो. साधारण २४ तासांत त्या दुप्पट होतात. विभागायला आलेली पेशी तळाचा हात सोडून गोल होते, आजूबाजूच्या चपट्या पेशींत थेंबासारखी चकाकते. तशी एक दिसली की मला लिही. नेटचं मग बोलू.