कोजागरीला मल्हारगड

प्रश्न : ताई, कोजागरीला आमच्या तरुण मंडळाची वीसेक मुलंमुली संध्याकाळी मल्हारगड चढून चांदण्यात उतरणार आहेत. प्रत्येकाने टॉर्च लावावा का? दूध वरच आटवायचा मुलांचा हट्ट आहे. आणि मुलींना घरून नकार आहे, काय करावं?
– एक कार्यकर्ता, सासवड

उत्तर : दूध खाली सोनोरी गावातच आटवा. पावसाळा सरला की गडावरचं गवत वाळायला लागतं, एक ठिणगी पुरते. धुराने आग्या मोहोळ उठलं तर वीसजणांना घेऊन पळणार कुठे?

साडेचारला सोनोरी सोडा. चढण फार नाही, उजेडात बालेकिल्ल्यातल्या खंडोबा-महादेवाचं दर्शन होईल. पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांनी दिवेघाटावर नजर ठेवायला हा गड बांधला, 1757 ते 1760 दरम्यान. हे वाचून दाखवू नका. तटावर उभं करा, पुरंदर दाखवा, घाट कुठून येतो ते त्यांनाच शोधू द्या.

सूर्य सहा-सव्वासहाच्या आसपास मावळतो आणि पौर्णिमेचा चंद्र त्याच सुमारास वर येतो. बेत पुढे ढकलला तर चंद्र रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येईल, म्हणून तिथी सोडू नका. टॉर्च प्रत्येकाकडे हवा, पण पेटता फक्त पहिल्याचा आणि शेवटच्याचा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका मोबाइलच्या फ्लॅशने सगळ्यांची ती सवय मोडते. बिनाटॉर्चचं चालणं मुलांना मिळावं, असं मला मनापासून वाटतं. मात्र चांदण्यात खड्ड्याची खोली कळत नाही. घसाऱ्यावर आणि कातळाच्या सावलीत सगळ्यांनी टॉर्च लावायचा, तिथे हौस नको.

बूट घालूनच या. दगडांच्या फटीत हात घालू नका, फुरसं तिथेच बसतं. घोणस आणि मण्यार रात्री फिरतात. साप चावलाच तर कापणं, बांधणं, चोखणं काही नाही. तो अवयव हलू न देता 108 ला फोन करा. सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन कोणत्या दवाखान्यात आहे हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा. बिबट्याचा वावर असतो, तेव्हा लघवीलाही कुणी एकटं जायचं नाही.

आता मुलींचं. आईवडिलांची भीती खरी आहे, तिच्यावर चिडू नका. रविवारी दोन-तीन पालकांना दिवसाउजेडी वाट दाखवून आणा. सोबत कोण, गाडी कुणाची, खाली यायची वेळ आठ, हे कागदावर लिहून द्या. एकदोन आयांना बरोबरच घ्या. माउलींच्या पालखीबरोबर दिवेघाट चढलेल्या बायका तुमच्या गावात घरोघरी आहेत, त्यांना ही चढण जड नाही. आणि वाट पाहून आलेल्या एखाद्या मुलीला रांगेच्या पुढे ठेवा, पहिला टॉर्च तिच्या हातात द्या.