पाय मोडल्यावर कोणी चांगलं होतं का?

अगं, शाळेतल्या दांडगट मुलावरची तुझी बालकथा वाचली. डबा पळवण्याचा प्रसंग झकास. पोह्यांवरची शेव आधी वेचून खाणारी पोरं इंदूरकरालाच सुचणार! पण शेवटी दांडगट मुलगा आजारी पडतो, आपला नायक त्याला वह्या नेऊन देतो आणि लगेच गट्टी, ते काढ. माझ्या पहिल्या गोष्टीत मी अशाच एका दांडगटाचा पाय मोडला होता. सहावीतली भाची म्हणाली, "आत्या, पाय मोडल्यावर कोणी चांगलं होतं का?"

माफी मागणं वेगळं, माफ करणं वेगळं. मधे निदान दोन प्रकरणं जाऊ देत. दांडगटानं 'सॉरी' म्हटल्यावरही नायकानं शाळेच्या व्हॅनमधल्या शेजारच्या जागेवरचं दप्तर उचलू नये. आणि दुसरी संधी मिळाल्यावर तो एकदा पुन्हा घसरू दे.

त्यालाही घर दे. राजवाड्याजवळ बापाचं दुकान, गिऱ्हाइकांसमोर खाल्लेली बोलणी, एवढं एक दृश्य पुरे. मात्र बापाच्या रागानं पोराची चूक धुऊन काढू नकोस.

बाकावर बसून हसणारी मुलं तर तू विसरलीसच. दहा-बारा वर्षांचा वाचक बहुतेक वेळा त्यांच्यातलाच असतो.

हेडसरांची छडी? शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी आहे. छडी ठेवायचीच तर सरांनाही कुणीतरी जाब विचारू दे.

चिडवाचिडवी हिंदीतच ठेव. आपली इंदूरची पोरं जेवतात मराठीत, भांडतात हिंदीत.