वाचकांचे प्रश्न : हळदीतले शिसे आणि ‘तज्ज्ञांनी तपासलेला’ अभ्यास

प्रश्न : हळदीत शिसे सापडल्याचा एक अभ्यास व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. खाली लिहिले आहे, ‘तज्ज्ञांनी तपासलेला अभ्यास आहे, सांगलीची हळद बंद करा.’ घरात चार वर्षांची नात आहे. तज्ज्ञांनी नेमके काय तपासले?
– एक आजी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आजी, अभ्यास खरा आहे, खालची ओळ मात्र त्यातली नाही. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासासाठी भारत, पाकिस्तान, श्रीलंका आणि नेपाळमधल्या 23 शहरांतून हळदीचे 356 नमुने घेतले होते. त्यातल्या 14 टक्क्यांत शिसे दर ग्रॅमला 2 मायक्रोग्रॅमहून जास्त निघाले. पाटण्यात तर ते हजारावर गेले. शहर म्हणजे इथे बाजार, शिवार नव्हे. पाटण्याच्या दुकानातल्या पुडीवरून सांगलीच्या शिवारातल्या हळकुंडाबद्दल काही ठरवता येत नाही.

असा लेख छापण्याआधी संपादक तो त्याच विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे पाठवतात. नमुने कसे निवडले, यंत्राला किती कमी शिसे पकडता येते, ज्यात शिसे किती हे आधीच माहीत आहे असा प्रमाणित नमुना सोबत चालवला का, निष्कर्ष आकड्यांतूनच निघतो का, हे ते पाहतात. पण सहसा ते स्वतः मोजणी करत नाहीत. म्हणून छापून आल्यावरची तपासणी आम्हाला जास्त मोलाची वाटते. रक्तातले शिसे आणि मुलांची बुद्धी यांवर 2005 मध्ये सात अभ्यासांतल्या 1,333 मुलांची माहिती एकत्र करून एक लेख आला. 2013 मध्ये दुसऱ्या गटाने तेच आकडे पुन्हा मोजले, काही चुका काढल्या. मूळ लेखकांनी त्या पुढे दुरुस्त केल्या. निष्कर्ष टिकला : थोड्या शिशानेही मुलाच्या बुद्धीचे नुकसान होते. अन्नातल्या शिशासाठी शरीराच्या दर किलो वजनामागे आठवड्याला 25 मायक्रोग्रॅम ही आंतरराष्ट्रीय मर्यादा होती. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने सगळे संशोधन पाहून 2010 मध्ये ती मागे घेतली. तिच्या जागी नवा सुरक्षित आकडा दिला नाही, कारण तसा देता येईना.

आता नातीचा हिशेब. ती दिवसाला अर्धा ग्रॅम हळद खाते असे धरा. आपल्या अन्नसुरक्षा नियमांतली कमाल मर्यादा दर ग्रॅमला 10 मायक्रोग्रॅम. तेवढे शिसे हळदीत असेल तर पोटात 5 मायक्रोग्रॅम गेले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मुलांसाठी दिवसाचा धरलेला आकडा 2.2 आहे, आणि तोही सगळ्या अन्नाचा मिळून. कायद्यात बसलेली हळद लहान मुलाला निर्धोक असेलच असे नाही, आणि आम्हाला खरी काळजी याची वाटते.

झगझगीत पिवळ्या हळकुंडापेक्षा मळकट, सुरकुतलेले घ्या आणि घरी दळा. शिसे असलेला भेसळीचा पिवळा रंग सहसा पॉलिशच्या वेळी चढवतात. मनात शंका राहिलीच तर बालरोगतज्ज्ञांकडून रक्तातले शिसे तपासून घ्या. रक्त शिरेतून काढायला सांगा. बोटावर धूळ असेल तर टोचून घेतलेल्या रक्तात शिसे उगाच जास्त दिसते. दर डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅम किंवा जास्त आले तर शिसे कुठून येते ते शोधा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

प्रश्न : अहवालात ‘शिसे आढळले नाही’ असे आले. गिऱ्हाइकाला हा कागद दाखवला तर पुरेल का?
– हळद व्यापारी, मार्केट यार्ड, सांगली

उत्तर : त्या ओळीशेजारी मोजणीची किमान मर्यादा, म्हणजे यंत्राला पकडता येणारे कमीत कमी शिसे, छापली आहे का ते आधी बघा. ती नसेल तर कागदाला अर्थ नाही. हातात धरायच्या एक्स-रे यंत्राने काही पीपीएमखालचे शिसे भरवशाने दिसत नाही. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून आयसीपी-एमएसने (अगदी थोडे शिसेही पकडणाऱ्या यंत्राने) मोजून घ्या. (1 पीपीएम म्हणजे दर ग्रॅमला 1 मायक्रोग्रॅम.)

सोबत क्रोमियमही मागा. पिवळा रंग म्हणून घालतात ते लेड क्रोमेट. त्याच्या वजनात शिसे साधारण 64 टक्के आणि क्रोमियम 16 टक्के, म्हणजे चारास एक. अहवालात दोन्ही याच प्रमाणात वाढलेले दिसले तर भेसळीचा दाट संशय घ्या. नुसते शिसेच जास्त असेल तर माती, गिरणी किंवा वाळवणाची जागा तपासा. हळदीवर आम्ल टाकून गुलाबी रंग बघायची चाचणी मेटॅनिल यलो या भेसळीच्या दुसऱ्या पिवळ्या रंगाची आहे, शिशाची नव्हे. ही गल्लत फार होते.

नमुना एकाच पोत्याच्या तोंडाशी घेऊ नका. अनेक पोत्यांत वरून, मधून, तळातून हळकुंडे काढा, कुटून एकत्र करा, ढिगाचे चार भाग पाडा आणि समोरासमोरचे दोन ठेवा. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. निम्मा नमुना पाठवा, निम्मा लॉट नंबर घालून सीलबंद ठेवा. वाद झाला तर दुसऱ्या प्रयोगशाळेला तोच देता येतो.