लेबल आपलं, साके जपानची

प्रश्न: भाऊ, आम्ही तुमसरकडचे धानवाले. जपानची साके ही दारू तांदळाचीच असते म्हणे, मग आपल्या धानाची बनवून घेऊन स्वतःचा ब्रँड काढता येईन का?

उत्तर: ब्रँड निघते, धान नाही चालत. ‘निहोनशू’ (म्हणजे जपानी साके) हे नाव २०१५ पासून फक्त जपानात बनलेल्या, जपानी तांदळाच्याच साकेला. तिथं नवं लायसन्स भेटणं लय कठीण, म्हणून तिथले लोकही चालू कारखान्यातूनच माल करून घेतात. सोपं म्हणजे त्यांच्या तयार साकेवर आपलं लेबल. स्वतःची चव पाहिजे तर बहुतेक अख्ख्या टाकीचा माल उचला, अन् दायगिंजो (साकेचा उंची प्रकार) म्हटली की निम्मा तरी दाणा घासून काढतात, कोंडा नाही बरं, दाणाच, म्हणून महाग. इकडं आणली का कस्टम ड्युटी, एक्साइजकडून लेबल पास करणं आलंच. वर्धेत विकायचं मात्र सोडा, तिथं १९७५ पासून दारूबंदी हाये.