बाईंचा लॅपटॉप, मे महिना आणि ५४ अंश

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, सहकारनगरला राहते. लॅपटॉप सात वर्षांचा आहे, आत एक टीबीची हार्ड डिस्क. पाठ दुखते म्हणून पलंगावरच घेऊन बसते. दुपारी डाव्या मनगटाखालची जागा इतकी तापते की हात उचलावा लागतो. नातवाने क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम) टाकून दाखवलं : ५४ अंश. तो म्हणतो, डिस्क गेलीच. दुरुस्तीवाले म्हणतात, उन्हाळा आहे, चालायचंच. कोणाचं खरं मानू? आत चाळीस वर्षांचे घरचे फोटो स्कॅन करून ठेवलेत.

उत्तर : बाई, दोघांचंही अर्धं अर्धं धरा. पण हे पुढचं वाचायच्या आधी फोटोंची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा. सकाळी सहा-सातला, लॅपटॉप टेबलावर, खिडकी उघडी. सगळं एका दमात ओढू नका. ज्याची दुसरी प्रत जगात कुठेच नाही ते आधी. झालं? आता बोलू.

लॅपटॉपच्या डिस्कला कंपन्या साधारण ६० अंशांची कमाल मर्यादा देतात. म्हणजे ५४ ला डिस्क जळत नाहीये, पण रोज तिथवर जाऊ देण्यासारखंही नाही. माझ्याकडे आलेल्या लॅपटॉपला मी ५० च्या आत ठेवायचा प्रयत्न करतो. मात्र नुसत्या आकड्यावरून काही कळत नाही. तुम्ही खोलीचं तापमान कळवलंच नाहीत! माझी कामाची खोली नारायण पेठेत, डोक्यावर पत्रा. माझी स्वतःची डिस्क डिसेंबरात २२ अंशांच्या खोलीत ३७ दाखवते आणि मे महिन्यातल्या दुपारी खोली ३७ वर गेली की ५२. डिस्क तीच, काम तेच, फरक दोन्ही वेळा १५. म्हणून मी वजाबाकी करतो. पंधरा-वीसचा फरक असेल तर ऋतूला दोष द्यायचा. पंचवीसच्या वर गेला की कुठेतरी वारा अडलाय किंवा डिस्कला क्षणभर उसंत नाहीये. हा माझा ठोकताळा आहे, कुठल्या पुस्तकातला नियम नव्हे. भिंतीवर लावायचा साधा थर्मामीटर आणा आणि आठवडाभर वहीत दोन रकाने लिहा. तुम्हाला वह्या तपासायची सवय आहेच.

‘पलंगावर’ हा शब्द मी पत्रात दोनदा वाचला. खाली गोधडी असणार. लॅपटॉप हवा घेतो ती बहुधा पोटाकडच्या जाळीतून, आणि गोधडी ती जाळी व्यवस्थित बुजवते. त्यात डिस्कला स्वतःचा पंखा नसतो. आतला एकुलता पंखा प्रोसेसरसाठी असतो. मिनिटाला ५४०० फेरे मारणारी डिस्क तुमच्या तळहाताखाली चहूबाजूंनी बंद कप्प्यात बसलेली, आणि वर शेजाऱ्याची उष्णता सोसते आहे. एक जाड पुठ्ठा किंवा पोळपाट खाली घेतलात तरी दोन दिवसांत वहीत फरक दिसेल. पोळपाट गमतीने म्हणत नाहीये. टणक आणि सपाट असल्यामुळे तो जाळी बुजवत नाही.

दुसरी गोधडी आत असते. सात वर्षं न उघडलेल्या लॅपटॉपमध्ये पंखा आणि तांब्याच्या पात्यांच्या मधे धुळीचा नमद्यासारखा थर जमतो. चिमट्याने धरला की अख्खी पट्टी निघते. बाहेरून फुंकर मारली तर तो थर आणखी दाबून बसतो, त्यामुळे उघडूनच साफ करायला हवं. साफ करताना पंख्याची पाती काडीने अडवून धरायची. मी एकदा घाईत कॉम्प्रेसरची हवा तशीच सोडली होती. पंखा भिंगरीसारखा फिरला आणि संध्याकाळपासून खडखडायला लागला. नवा पंखा माझ्या खर्चाने बसवला.

एवढं करूनही फरक पंचवीसच्या वर राहिला, तर टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा रकाना बघा. तुम्ही नुसतं पत्र टाइप करताय आणि तिथे सतत ९०-१०० टक्के दिसतंय, तर बहुतेक रॅम, म्हणजे चालू कामाचं सामान ठेवायची तात्पुरती जागा, अपुरी पडते आहे. चार जीबीवर आजचं विंडोज चालवलं की ते रॅममधलं सामान सारखं डिस्कवर टाकतं आणि परत उचलतं. बिचारी दिवसभर हमाली करते, तापणारच.

आता नातवाच्या ‘गेलीच’बद्दल. क्रिस्टलडिस्कइन्फोच्या त्याच खिडकीत खाली यादी आहे. त्यात ०५ (बदललेले खराब सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे साठवणीचे बारीक तुकडे) आणि सी५ (अजून न बदललेले संशयित सेक्टर) या दोन ओळींच्या शेवटच्या रकान्यात सगळी शून्यं आहेत का, ते त्याला बघायला सांगा. २००७ साली गूगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून जास्त डिस्कचा हिशेब मांडला होता. मध्यम तापमानात उष्णतेचा आणि बिघाडाचा संबंध त्यांना समजुतीपेक्षा बराच सैल दिसला. खूप जास्त तापमान आणि वयस्कर डिस्क यांचा अपवाद. आणि तुमची डिस्क वयस्कर आहे. उलट, पहिल्यांदा खराब सेक्टर बदलावा लागलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बिघडण्याची शक्यता चौदा पटींहून जास्त निघाली. ०५ ची ओळ तेच मोजते. मात्र बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी त्यांच्या चार मुख्य खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. आधी फोटोंची प्रत काढून घ्या म्हणालो, ते याचसाठी.

प्रश्न : गरम झालेली हार्ड डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवली तर? (चिंचवडहून एक वाचक)

उत्तर : नको. डिस्क हवाबंद नसते, झाकणावर हवेसाठी बारीक भोक असतं आणि शेजारी ते बुजवू नका अशी सूचना. थंड डिस्क बाहेर काढलीत की पावसाळ्यातल्या बाटलीसारखं तिच्यावर पाणी धरतं. लॅपटॉप बंद करा आणि अर्धा तास पंख्याखाली ठेवा, पुरे.

प्रश्न : एसएसडी बसवली की तापण्याचा प्रश्न संपतो का? (वारजे)

उत्तर : जुन्या डिस्कच्याच जागी बसणारी अडीच इंची साटा (जुन्या डिस्कचीच जोडणी) एसएसडी घेतलीत तर जवळपास संपतो, ती चिपवर साठवते, आत फिरणारं काही नसतंच. जाडी ७ मिलिमीटर असते. तुमची जुनी डिस्क साडेनऊची असेल तर सोबतची प्लॅस्टिकची चौकट लावून घ्या, नाहीतर आत हलत राहील. एनव्हीएमईची पट्टी (थेट मदरबोर्डवर बसणारी, जास्त वेगवान एसएसडी) घेणार असाल तर ती मोठ्या कॉपीला सत्तरी गाठते, तेव्हा हार्ड डिस्कचे आकडे तिला लावून घाबरू नका. तापमान फार चढलं की ती स्वतःच वेग कमी करते. पुण्यातल्या तापकीर गल्लीत दोन्ही मिळतात. फक्त लॅपटॉपमध्ये कुठली बसते, ते जाण्याआधी पोटाचं झाकण उघडून बघा.