धावपळीच्या आयुष्यात ताण वाढलाय हे ओळखायचं कसं आणि तो आवरायचा कसा?
ताण बऱ्याचदा आधी शरीरात दिसतो, मनाला उशिरा कळतो. हे वाचताना बघा: दात एकमेकांवर घट्ट दाबलेत का? खांदे कानांकडे चढलेत का? (माझी आधी मान अवघडते.) पहाटे जाग येऊन कामांची यादी डोक्यात फिरणं, तीच ओळ तीनदा वाचावी लागणं, घरच्यांवर क्षुल्लक कारणावरून आवाज चढणं, हीसुद्धा लक्षणंच. अडचण समोर आली की अ‍ॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं (हार्मोन्स) शरीरात वाढतात, ते गरजेचंच आहे. पण रोजच्या घाईत ते ओसरायला वेळच मिळत नाही, तिथे बिघडतं.

लगेच करता येईल असं: 4 मोजत श्वास घ्या, 6 मोजत सोडा, असं 5 मिनिटं. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके संथ होतात. दोन कामांमध्ये 10 मिनिटं मोकळी ठेवा आणि ती मोबाइलला देऊ नका. झोप मात्र 7 तासांखाली जाऊ देऊ नका. माझ्या मते बाकी सगळं त्यानंतर.

छातीत दुखलं तर ‘ताण असेल’ म्हणून थांबू नका, ताबडतोब दवाखाना गाठा. उदासपणा 2 आठवडे हटत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणंच नकोसं वाटत असेल, तर आजच कुणाला तरी सांगा.